टकळीची दोन मिनिटं

त्यांना सगळे दोनमिनिटे म्हणत, आणि तेही इतकं सहज की नवख्याला ते आडनावच वाटावं. "दोनमिनिटे, खालच्या खोलीची चावी द्या." "आज दोनमिनिटे दिसले नाहीत ते?" खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

नगरपालिकेच्या सभागृहात ते शिपाई होते. खुर्च्या मांडायच्या, माईकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून सतरंजीखालून न्यायची, व्यासपीठावर पाण्याचे पेले झाकून ठेवायचे, ही कामं कुणीही केली असती. पण एक काम मात्र खास त्यांचं झालं होतं. गावातलं कुणी मोठं माणूस गेलं की सभागृहात शोकसभा व्हायची आणि शेवटी सगळे उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळायचे. ही शांतता संपली हे सांगायचं कुणी? पूर्वी कुणी खाकरायचं, कुणी चोरून मनगटावरचं घड्याळ बघायचं, एखादा मध्येच बसायचा आणि मग शेजारच्याने कोपर मारलं की दचकून पुन्हा उभा राहायचा. दुःख बाजूला राहून हसूच यायचं. तेव्हा अध्यक्षसाहेबांनी एक छोटी पितळी घंटा मागवली आणि ती यांच्या हातात दिली.

"तुम्ही वाजवाल तेव्हा आम्ही बसू," साहेब म्हणाले होते. "त्याआधी मीसुद्धा बसणार नाही. या बाबतीत तुम्ही माझे अध्यक्ष."

सगळे हसले होते. दोनमिनिटे हसले नाहीत. त्यांनी घंटा पुसून कोनाड्यात ठेवली, आणि तेव्हापासून ती वाजेपर्यंत सभागृहात कुणी बसलं नाही. खोकला आला तरी लोक तो गिळून टाकत.

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. दोन खोल्यांचं घर, बायको देवभोळी आणि अबोल, आणि एकुलती एक लेक. ती लेक म्हणजे बोलण्याचा नळ. उठल्यापासून सुरू व्हायची ती दात घासतानासुद्धा थांबायची नाही. म्हणून तिचं नाव टकळी पडलं. बापाचं काम गावाला गप्प करायचं, आणि पोटची पोर दोन मिनिटं गप्प बसेल तर शपथ.

"अहो, ती घंटा एक दिवस घरी आणा," टकळीची आई हात जोडून म्हणायची. "मला तेवढा देवाचा जप तरी पुरा करू दे."

"आई, तू जप कर ना! मी कुठे तुझ्याशी बोलतेय? मी देवाशीच बोलतेय. तू मला मध्येच तोडतेस."

असं उत्तर तोंडावर तयार. रागवायचं कसं?

टकळी शिवणकाम शिकली आणि बाजारामागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या शर्टांच्या कारखान्यात लागली. ती कॉलर लावायची. घरी आली की बोटांना सुई टोचल्याच्या खुणा दाखवत दिवसभराचं सगळं पुराण सांगायची. कुणाचं लग्न ठरलं, कोण कुणाशी बोलत नाही, मुकादम कसा नाकातून बोलतो. त्याच ओघात एकदा ती म्हणाली, "दुपारच्या सुट्टीत मुकादम बाहेरून कुलूप घालतो. आम्ही कापड पळवू म्हणे! आम्ही खुराड्यातल्या कोंबड्या. कॉक कॉक करत जेवतो."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "सोड ती नोकरी."

"अगं, एकटी आहे का मी? सगळ्याजणी आहेत."

सगळ्याजणी आहेत, एवढ्यावर आईचं समाधान झालं. पुढे कितीतरी वर्षं या एका गोष्टीसाठी तिने स्वतःला माफ केलं नाही.

कारखाना अध्यक्षसाहेबांच्या मेहुण्याचा होता. हे गावाला माहीत होतं, पण त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. साहेब म्हणजे गावचे साहेब. नळाचं पाणी त्यांनी आणलं, वाचनालय त्यांनी बांधलं, हे सभागृहही त्यांचंच. मोठ्या माणसाचा मेहुणा काहीतरी धंदा करणारच.

त्या दुपारी दोनमिनिटे खुर्च्या पुसत होते. खिडकीतून धूर दिसला. बाजाराच्या बाजूचा धूर आहे एवढं कळलं आणि ते फडकं हातात घेऊनच धावले. जिन्यात अंधार होता. वर पोचले तेव्हा दाराच्या पलीकडून आवाज येत होते, आणि त्या आवाजांत आपल्या लेकीचा कुठला हे त्यांना कळेना. जिचा आवाज गल्लीच्या टोकावरून ओळखू यायचा, तिचा. त्यांनी दाराचं कुलूप उजव्या हाताने धरून ओढलं. लोखंड तापलेलं होतं. कातडी चिकटून राहिली, कुलूप निघालं नाही. मग अग्निशमनवाले आले आणि त्यांनी दार फोडलं. बऱ्याचजणी वाचल्या. सात जणी वाचल्या नाहीत. त्यांत टकळी होती.

त्यानंतरच्या आठवड्यात नगरपालिकेची सभा भरली. दोनमिनिटे कामावर आले होते. घरी बसून काय करणार? घरात तर ऐकू येण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हाताला पट्टी होती म्हणून डाव्या हाताने त्यांनी पेले भरले. सभेत एक सदस्य उठला आणि म्हणाला की त्या सात मुलींसाठी ठराव करावा, दोन मिनिटं उभं राहावं. दोनमिनिट्यांची नजर आपसूक कोनाड्यातल्या घंटेकडे गेली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौकशी चालू आहे," ते म्हणाले. "आणि मला जे समजलं ते असं, की मुलींनी आतून कडी लावून चहासाठी शेगडी पेटवली होती. झालं ते फार वाईट झालं. पण निष्काळजीपणासाठी सभागृहाने उभं राहायचं, हे बरं दिसणार नाही. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय गटारांचा होता.

दोनमिनिटे साहेबांच्याच खुर्चीमागे पेला घेऊन उभे होते. पुढे बायकोला सांगताना ते एवढंच म्हणाले, "हातातलं पाणी हललंसुद्धा नाही बघ." त्यांना तेवढंच आठवत होतं. जणू त्या पाण्याने हलायला हवं होतं.

चौकशीच्या साहेबांना त्यांनी पट्टी सोडून तळहात दाखवला. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, कुलूप कुठे आहे? कुलूप कुणालाच सापडलं नव्हतं. दार ओढताना भाजलं असेल, असं त्या अधिकाऱ्यांनीच सुचवलं आणि तेच लिहिलं. मेलेल्या मुलींना विचारता येत नव्हतं. वाचलेल्या मुलींना मेहुण्याने दुसऱ्या कारखान्यात लावून घेतलं होतं, आणि त्यांच्या घरी चुली पेटायच्या होत्या. त्यांना दोष कसा द्यायचा?

पण शब्द काही विझला नाही. साहेब बोलले ते गावाने धरलं. त्या मुली 'चहावाल्या मुली' झाल्या. आया आपल्या पोरींना दटावायला लागल्या, "नीट काम कर, नाहीतर जाशील त्या चहावाल्यांसारखी." एकदा भाजीवालीच्या पुढ्यात दोघी बोलत होत्या, "चहाची तलफ म्हणजे काय पण! जीव गेला." टकळीची आई मागे पिशवी धरून उभी होती. त्या दिवशी ती भाजी न घेता परतली, आणि स्वयंपाकघरातला चहाचा डबा बाहेर गेला तो कायमचा. तेव्हापासून त्या घरात चहा झाला नाही. पाहुण्याला गरम दूध मिळायचं. दोनमिनिटे सभागृहात चहा घेत, पण घरी निघण्यापूर्वी नळावर खळखळून चूळ भरत. बायकोला हे माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. संसार असाही चालतो.

आता वाचणारा म्हणेल, तो अध्यक्ष म्हणजे राक्षसच. तसं असतं तर सोपं झालं असतं. टकळीच्या आईने अंथरूण धरलं तेव्हा साहेबांनी स्वतःची गाडी पाठवली, मोठ्या डॉक्टरांना शब्द टाकला, दोनदा माणूस पाठवून चौकशी केली. शिपायाला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नाही. नळाला पाणी आलं त्या दिवशी बायका रडल्या होत्या, ते खोटं नव्हतं. दोनमिनिट्यांनी त्यांच्या खुर्चीवरची उशी कधी तिरकी राहू दिली नाही, पेल्यातलं पाणी कोमट झालं तर न सांगता बदललं. मन मोठं विचित्र असतं. ज्याच्यामुळे आतून जळतं, त्याच्याच खुर्चीवरची धूळ झटकतं.

आणि एक आशा होती. साहेब म्हातारे झाले, पद सुटलं, तरी सवयीने सभागृहात येऊन बसत. एका संध्याकाळी ते रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत एकटेच होते. दोनमिनिटे खिडक्या लावत होते.

"अहो," साहेबांनी हाक मारली. "तुमची मुलगी..."

दोनमिनिट्यांचा हात कडीवरच राहिला. इतक्या वर्षांत साहेबांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला होता.

साहेब त्यांच्या तळहाताकडे बघत होते. ओठ हलले. मग म्हणाले, "जरा पाणी देता?"

ते धावत पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा साहेबांना न्यायला घरचा माणूस आला होता आणि साहेब काठी शोधत होते. पाणी प्यायले, मान हलवली आणि गेले.

तेव्हापासून दोनमिनिटे त्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्याची वाट बघत होते. साहेब येणार म्हटलं की पाणी आधीच भरून ठेवत. पुन्हा उठायला लागू नये म्हणून. बायकोलाही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि ती देवासमोर बसली की साहेबांना आयुष्य मागायची. "त्यांना बोलायला वेळ दे रे बाबा," असं.

पण साहेब गेले. झोपेतच गेले, काही न बोलता.

गावाने दुकानं बंद ठेवली. चौकाचौकात फलक लागले, त्यावर साहेबांचा तरुणपणीचा फोटो. देवमाणूस, आधारवड, गरिबांचा वाली. सभागृहात शोकसभा ठरली, आणि तिच्या आदल्या दिवशी साहेबांची लेक स्वतः व्यवस्था बघायला आली. परगावी असायची, वकील होती. लहानपणी याच खुर्च्यांखालून लपंडाव खेळलेली.

"काका, ओळखलंत ना?"

"ताई, तुम्हाला न ओळखून कसं चालेल?" दोनमिनिट्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. तिचे डोळे सुजले होते. बापाविना लेक आणि लेकीविना बाप, दोघं त्या रिकाम्या सभागृहात समोरासमोर होते.

"उद्या सगळे मोठे लोक बोलतील," ती म्हणाली. "त्यांची भाषणं मला पाठ आहेत. बाबांना रोज बघणारं कुणीतरी बोलावं असं वाटतं. तुम्ही दोन शब्द बोलाल का?"

"मी? माझं काम लोकांना गप्प करायचं, ताई."

ती रडता रडता हसली. "म्हणूनच. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. हो म्हटल्याचंही त्यांना आठवत नव्हतं, पण सचिवांनी यादीत नाव घातलं.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. टकळीचा मामा येऊन बसला होता. तो सायकली दुरुस्त करायचा, बोटं कायम काळी, आणि जिभेवर कसलंही वंगण नव्हतं.

"दाजी, देवाने संधी दिलीय," तो म्हणाला. "माईक हातात येतोय. सांगा उद्या, की हा तुमचा आधारवड सात पोरींवर खोटं बोलला. सगळ्या गावासमोर उघडा पाडा त्याला."

"मेलाय तो माणूस, दादा," टकळीची आई आतून म्हणाली.

"मग? मेल्यावर माणूस धुतला जातो का? आपली टकळी मेली तेव्हा गावाने तोंड आवरलं? पाच वर्षांच्या पोरांना ठाऊक होतं, चहावाली म्हणून!"

ती बाहेर आली. हात पदराला पुसत उंबऱ्यात उभी राहिली. "म्हणूनच सांगते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट ऐकलं की मागे राहिलेल्याचं काय होतं, ते या गावात माझ्याइतकं कुणाला कळतं? त्याची लेक उद्या पुढे बसलेली असेल. मी भाजीवालीपुढे त्या दोघींच्या मागे उभी होते, तशी. आणि त्याला आता उत्तर देता येणार आहे का?"

"टकळीला देता येत होतं?"

जी पोर देवालाही उत्तर द्यायची, तिला हे एकच उत्तर देता आलं नव्हतं. आईने नुसता डोळ्याला पदर लावला.

"जिवंतपणी बोलायला हवं होतं," दोनमिनिटे म्हणाले.

"मग का नाही बोललात?" मामाने विचारलं. त्यात टोमणा होता, पण जिव्हाळाही होता.

"जिवंतपणी मी पाण्याचा पेला धरून उभा होतो." त्यांनी तळहात उघडून बघितला. "आणि मला वाटलं, तेच बोलतील. ते बोलले असते तर पुसलं गेलं असतं. मी बोलून काय पुसणार? शिपाई बोलला म्हणतील."

"मग जाऊ नका उद्या."

"घंटा कोण वाजवणार?"

मामाने कपाळावर हात मारला. "घ्या! याचंच नाव दोनमिनिटे." आणि दूध न पिताच तो उठून गेला.

बायको त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "तुम्हाला अडवत नाही मी. फक्त वाईट बोलू नका. त्यांच्या पापाचं बघायला देव आहे. एवढं माझं ऐका."

"आणि खरं बोललो तर?"

वाईट कुठे संपतं आणि खरं कुठे सुरू होतं, हे तिच्या देवानेही तिला कधी सांगितलं नव्हतं.

सभेच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. दोनमिनिट्यांनी साहेबांचा फोटो मधोमध ठेवला, काच पुसली, हार सरळ केला. साहेबांच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिच्यावर पांढरं कापड घातलं. सवयीने तिथेही त्यांनी पेला भरून झाकून ठेवला, आणि मग ध्यानात आल्यावर तो उचलला नाही. राहू दे म्हणाले.

भाषणं सुरू झाली. साहेबांच्या निधनाने पोकळी निर्माण झाली, असं चौघांनी सांगितलं. साहेब कुणाला कधी वाईट बोलले नाहीत, असं पाचव्याने सांगितलं. तेव्हा दोनमिनिट्यांनी मान वर केली, आणि त्यांना शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, बायको बसलेली दिसली. टकळी गेल्यापासून तिने या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. आज कुणालाही न सांगता आली होती. आपण काय बोलणार हे ऐकायला आली, की अडवायला, हे त्यांना कळेना.

सचिवांनी त्यांना पुकारलं. लोकांमध्ये थोडी कुजबुज झाली, कौतुकाची. त्यांनी माईक धरला. माईक किती जवळ धरायचा हे हजार वक्त्यांना सांगितलं असेल, आणि स्वतः इतका जवळ धरला की श्वासच ऐकू आला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "साहेबांनी मला कधी 'अरे' म्हटलं नाही. माझी बायको आजारी होती तेव्हा गाडी पाठवली. ते मी विसरलेलो नाही. नळ आला तेव्हा माझ्याही घरी आला."

पहिल्या रांगेत साहेबांच्या लेकीने मान हलवली.

"साहेबांचं एक काम राहिलं. ते करणार होते, असं मला वाटतं. एकदा सुरुवातही केली होती. वेळ मिळाला नाही. ते मी करतो." त्यांनी माईक डाव्या हातात घेतला. "कारखान्यात सात मुली गेल्या. त्यांनी आतून कडी लावली नव्हती. त्यांनी चहा केला नव्हता. कुलूप बाहेरून होतं. मी ते हाताने धरलं होतं. त्यांच्यासाठी या सभागृहात कुणी उभं राहिलं नाही. साहेबांच्या आधी त्यांची दोन मिनिटं पाळू. उभे राहा."

असं म्हणून ते खाली उतरले, कोनाड्याशी गेले आणि घंटा हातात घेऊन उभे राहिले.

सभागृह काही क्षण नुसतं बघत राहिलं. मग आवाज फुटले. "हे काय चाललंय?" "आजच्या दिवशी?" "मेलेल्या माणसाची तरी लाज बाळगा!" "दोनमिनिटे, अहो, वेळ काळ काही असतो की नाही?" एकजण अर्धवट उठला, आजूबाजूला बघितलं आणि बसला. साहेबांच्या लेकीने चेहरा दोन्ही हातांनी झाकला होता. ती उठली नाही. तिचे खांदे हलताना दिसत होते, आणि ते बघून दोनमिनिट्यांना वाटलं, तिच्यासाठी आपण आता भाजीवालीपुढच्या त्या बायका झालो.

सचिवांनी घाईघाईने माईक हातात घेतला. "भावनेच्या भरात माणूस बोलतो. आपण समजून घेऊ. आता वाचनालयाच्या अध्यक्षांना विनंती करतो..." आणि वाचनालयाचे अध्यक्ष कागद उलगडत उभे राहिले. "साहेब म्हणजे एक चालतंबोलतं विद्यापीठ होतं," त्यांनी सुरुवात केली. लोकांना हायसं वाटलं. सगळं पुन्हा रुळावर आलं.

दोनमिनिटे घंटा हातात घेऊन तसेच उभे होते. संपलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. घंटा कोनाड्यात ठेवायला वळले, आणि तेव्हा त्यांची नजर शेवटच्या रांगेवर गेली.

त्यांची बायको उभी होती.

हात जोडलेले, डोळे मिटलेले, पदर डोक्यावर. पुढे विद्यापीठ चाललं होतं, टाळ्या वाजत होत्या, शेजारची बाई तिचा पदर ओढून "अहो, बसा ना" म्हणत होती. ती ऐकत नव्हती. घंटा वाजेपर्यंत बसायचं नाही, एवढं तिला नवऱ्याच्या तोंडून माहीत होतं. बाकी सभागृहाचं तिला काही माहीत नव्हतं.

दोनमिनिट्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंच नाही. तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ हलत होते. जप असेल, नाहीतर लेकीशी बोलत असेल. एवढ्या वर्षांत तिला मध्येच कुणी तोडत नव्हतं, आणि म्हणूनच तिचा जप कधी पुरा होत नव्हता. आता तरी होऊ दे, असं त्यांना वाटलं. वाचनालयाचे अध्यक्ष साहेबांच्या बालपणातून शिक्षणात आणि शिक्षणातून सार्वजनिक जीवनात आले. ती उभीच. तिचे गुडघे दुखतात हे त्यांना माहीत होतं. तिने एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरली, आणि तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

त्यांनी घंटा वाजवली.

पितळेचा तो बारीक, स्वच्छ आवाज भाषणाच्या मधोमध पडला. वाचनालयाचे अध्यक्ष गप्प झाले. सगळं सभागृह गप्प झालं. इतक्या वर्षांची सवय. ती वाजली की काहीतरी संपलं, एवढं सगळ्यांच्या अंगात भिनलेलं होतं. त्या शांततेत शेवटच्या रांगेतल्या खुर्चीचा आवाज आला. टकळीची आई बसली.

"हां... तर मी काय म्हणत होतो," वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले.

सभेच्या शेवटी साहेबांसाठी सगळे उभे राहिले. दोनमिनिट्यांनी घड्याळ बघून, काटा नेमका आल्यावर, घंटा वाजवली. त्यात त्यांनी कसूर केली नाही. बायको तेव्हाही उभी होती, हात जोडून, सगळ्यांसारखी.

लोक निघताना त्यांच्या बाजूने जाईनात. सचिव एवढंच म्हणाले, "उद्या ऑफिसात येऊन भेटा." साहेबांची लेक दारात थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. तिने त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं, तिचे ओठ हलले, आणि गाडीवाल्याने दार उघडलं तशी ती गेली. बापासारखीच.

दोनमिनिट्यांनी खुर्च्या घडी केल्या, सतरंजी गुंडाळली, झाकलेला पेला रिकामा केला. नळावर जाऊन सवयीने चूळ भरली. आज त्यांनी चहा घेतलाच नव्हता हे मग ध्यानात आलं. बायको पायरीवर बसून वाट बघत होती.

दोघं चालत निघाले. बाजारामागच्या रस्त्याने गेलं तर घर जवळ पडायचं, पण तो रस्ता त्यांनी कधीच टाकला होता. लांबच्या रस्त्याने ती हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत चालली होती.

"वाईट बोललो का गं?" त्यांनी विचारलं.

गल्लीचं तोंड आलं. कोपऱ्यावरच्या घरात कुणीतरी मुलगी मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती आणि घरचे हसत होते. दोघं नकळत जरा थांबले, मग पुढे निघाले.

"घंटा जरा उशिरा वाजवलीत," ती म्हणाली.

"कुठली?"

"पहिली."

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि दाराची कडी काढायला पुढे झाली.